तेरचं वस्तुसंग्रहालय : पॅनेलच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५

कामाला आजपासून सुरुवात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयाचा इतिहास सोप्या मराठीत पॅनेलवर मांडायचा, ते पॅनेल आमच्या भागातल्या शाळांमधून फिरवायचे आणि त्याचीच पीडीएफ मोबाइलवर द्यायची, एवढं ठरलंय. ग्रुपमधे दोन शाळेतले सर, एक मॅडम, कॉलेजची तीन पोरं आणि मी. पैसे आपापले घालायचे, प्रिंटिंगवाला ओळखीचा आहे.

मी हे मनावर घेतलं त्याचं कारण म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली पोरं सहलीला अजिंठा-वेरूळला जातात, ते चांगलंच आहे, पण तेर घराशेजारी असून ते गोरोबाकाकांच्या समाधीपुरतंच माहीत असतं. दर्शन झालं की गाडी परत. तिथल्याच एका छपराखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं गाव ठेवलंय, मणी, बांगड्या, खेळणी, दिवे, नाणी, वीस हजारांच्या वर वस्तू, हे घरी कुणी सांगत नाही.

१५ जून

पहिलं पॅनेल कशाचं यावर आज बरीच चर्चा झाली. पोरांचं म्हणणं सुरुवात रोमपासून करा, लोक थांबून वाचतील. माझं मत वेगळं आहे आणि ते मी लावून धरलं. सुरुवात कापडापासून करायची.

पेरिप्लस म्हणून ग्रीक भाषेतलं खलाशांचं एक मार्गदर्शक पुस्तक आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. लिहिणारा कोण ते माहीत नाही, पण व्यापारात मुरलेला माणूस, कुठल्या बंदरात काय मिळतं काय खपतं ते सगळं नोंदवून ठेवलंय. त्यात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात, एक पैठण आणि दुसरी तगर. गुजरातमधल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे दगड भडोचला जायचे आणि तगरहून जाडंभरडं कापड भरपूर, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल. हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून.

ते तगर म्हणजे आपलं तेर. आणि नीट बघितलं तर त्या ग्रीक माणसाला तेरचं काय सांगावंसं वाटलं? ना राजा, ना देऊळ, ना किल्ला. कापड. म्हणजे इथल्या कुणीतरी सूत काढलं, कुणी विणलं, कुणी गाठोडी बांधली आणि बैल जुंपून महिनाभराच्या वाटेला लागला. या माणसांची नावं कुठल्याच लेखात नाहीत पण शहराचं नाव भूमध्य समुद्रापर्यंत गेलं ते त्यांच्यामुळं. म्हणून पहिलं पॅनेल त्यांचं. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं, मॅडमनी तर लगेच नकाशा काढायला घेतला, भडोच पैठण तेर असा, सोबत कल्याण बंदरही दाखवतोय.

१९ जून

नकाशाचा पहिला ड्राफ्ट आला. तेरणा नदी ठळक करायला सांगितलंय. गावाचं सगळं नदीच्या दोन्ही काठांवर आहे, जुनं काय आणि नवं काय.

२८ जून

आज पाऊस चांगला झाला म्हणून मुद्दाम तेरला गेलो. कोट आणि बैराग या टेकड्यांच्या बाजूनं जुन्या माणसांशी बोलत फिरलो, काहीही उचललं नाही, फक्त ऐकलं आणि फोटो काढले.

संग्रहालय कसं झालं हे समजायचं तर आधी या टेकड्या समजायला पाहिजेत, त्याशिवाय बाकी सगळं अधांतरी राहतं. एकाच जागी शेकडो वर्षं वस्ती असली की घरं पडतात, त्याच मातीवर नवी बांधतात, चुलीची राख, शेण, फुटकी मडकी, हाडं सगळं तिथंच साचत जातं आणि जमीन उंच होत जाते. आपल्याकडं तिला पांढरी म्हणतात. काळ्या रानात मधेच भुरकट-पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसला की जुन्या लोकांना कळतं, इथं पूर्वी गाव होतं. या मातीत राख नि कुजलेलं खत मिसळलेलं, त्यामुळं पिकाला चांगली, म्हणून मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी लोकांनी पांढरी खणून गाड्याच्या गाड्या शेतात नेऊन टाकल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, खत विकत घ्यायला पैसे नव्हते. पण त्या मातीबरोबर घरांच्या भिंती, जमिनी, थर सगळं गेलं.

मग वरून पाऊस पडला की सुटी झालेली माती वाहून जाते आणि मणी, कवड्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एखादं शिशाचं नाणं वर उघडं पडतं. एक आजोबा सांगत होते की त्यांच्या लहानपणी पाऊस उघडला की पोरं टेकडीवर मणी येचायला पळायची, रंगीत मणी सापडला की दिवस सोन्याचा. हे मणी म्हणजे अकीक, कार्नेलियन, काच. भोक इतकं बारीक नि सरळ की आजची सुई मुश्किलीनं जावी.

पॅनेल दोन यावरच करणार. टेकडीचा उभा काप काढून थर दाखवायचे, सगळ्यात वर आजचं गवत, खाली सातवाहन काळ. पोरांना एकदा थर समजले की पुढचं सगळं समजतं.

६ जुलै

तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची बरीच भवति न भवति झालेली. जुन्नर म्हणून झालं, धारूर म्हणून झालं, दौलताबादच्या बाजूला म्हणून झालं. शिलाहार राजे, कोकणातले काय नि कोल्हापूरचे काय, ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचे, म्हणजे आमचं मूळ त्या थोर तगर नगरातलं, याचा त्यांना इतका अभिमान. पण ते तगर सापडत नव्हतं. १९०१ मधे जुन्या कोरीव लेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते निजामाच्या मुलखातलं तेर आहे असं मांडलं आणि तेच पुढं मान्य झालं. त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स प्रत्यक्ष तेरला आले, देवळं बघितली, टेकड्या बघितल्या आणि त्यांचा लेख खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात छापून आला.

कझेन्सना सगळ्यात मोठी गोष्ट दिसली ती त्रिविक्रमाच्या देवळात. गावातले लोक रोज दर्शनाला जातात तेच देऊळ. मागची बाजू गोल, गजपृष्ठाकार, छत कमानीसारखं, सगळं विटांचं, पुढच्या बाजूला लेण्यात असते तशी चैत्यकमान. आधी हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ, असणार आणि नंतर तिथं विष्णूची प्रतिष्ठापना झाली असं त्यांचं मत. त्याचा काळ नि मूळ धर्म यावर अभ्यासकांत पुढंही मतं वेगळी आहेत, पण डोंगरात कोरलेले चैत्य पुष्कळ बघायला मिळतात आणि जमिनीवर विटांनी बांधलेलं असं उभं छप्पर भारतात बोटांवर मोजण्याइतकं. त्यात आपलं एक. आणि ते टिकलं कशामुळं, तर रोज दिवा लागत राहिला, पडझड झाली की लोकांनी डागडुजी केली. ज्या वास्तू ओसाड पडल्या त्यांच्या विटा घरं बांधायला गेल्या.

१३ जुलै

आज ज्या माणसाच्या नावानं संग्रहालय आहे त्यांचं पॅनेल लिहिलं. हे सगळ्यात जपून लिहिलं.

रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. पुरातत्त्व खातं तेरकडं थोडंफार बघत होतं पण तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. तेर निजामाच्या हैदराबाद राज्यात. तिथलं पुरातत्त्व खातं १९१४ मधे गुलाम याझदानींच्या हाताखाली सुरू झालं, अजिंठ्यावर, बीदरवर त्यांनी फार मोठं काम केलं, पण एवढ्या मोठ्या राज्यात प्रत्येक टेकडीवर माणूस कुठून ठेवणार. मग १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद भारतात आलं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात. १९६० ला महाराष्ट्र. कारभार, भाषा, दप्तरं सगळं बदलत गेलं, आणि या सगळ्या काळात दर पावसाळ्यात टेकड्या झिजतच होत्या, माती निघतच होती. जे वर येत होतं ते पोरांच्या खिशात, नाहीतर नाल्यात, नाहीतर जुन्या वस्तूंच्या दलालाकडं.

लामतुऱ्यांनी ते गोळा करून गावातच ठेवलं. मला यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं तर त्यांनी नुसत्या देखण्या वस्तू नाही जमवल्या. नाणी आणि मूर्ती कुणीही ठेवतो, त्यांना बाजारात किंमत असते. पण फुटक्या बाहुलीचं मुंडकं, मातीचं चाक, दिव्याचा तुकडा, मण्यांचा ढीग, हे ठेवायला वेगळी नजर लागते. खापराला किंमत नसते पण खापरावरूनच काळ कळतो.

१९६० मधे ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी तेरवर छोटं पुस्तक काढलं आणि इथल्या वस्तूंचे फोटो जगभरच्या अभ्यासकांसमोर गेले. खाजगी संग्रह म्हटलं की तो पुढच्या पिढीत वाटण्यांत फुटतो, विकला जातो, अशी उदाहरणं आपल्याकडं ढिगानं आहेत. हा संग्रह शासनाकडं गेला, पण मुंबईला किंवा औरंगाबादला नाही, तेरलाच राहिला, नावही त्यांचंच राहिलं. ज्या मातीतून वस्तू निघाल्या ती माती पायी जाऊन बघता येते अशी संग्रहालयं किती आहेत?

पॅनेलवर त्यांच्याबद्दल तेवढंच ठेवलंय जे पक्कं आहे. ऐकीव गोष्टी गावात भरपूर आहेत, त्या वेगळ्या वहीत उतरवतोय, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख टाकून.

२० जुलै

तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाई. हिच्यावर पॅनेल करायचंच होतं, नाही केलं तर लोक विचारतील.

मूर्ती वीतभरही नाही. उभी स्त्री, अंगावर दागिनेच दागिने, कमरेला मेखला. आरशाची मूठ असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं. हिची गोष्ट जगभर पोचली कारण इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मधे खणताना एका घरात अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली. पॉम्पेई व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मधे, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिकडं पोचलेली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढं १९७० च्या दशकात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला, त्याचंही पॉम्पेईच्या मूर्तीशी जवळचं नातं. मग तेर, भोकरदन, पॉम्पेई अशी साखळी लागते आणि पॉम्पेईची मूर्ती दख्खनमधेच घडली असावी हे म्हणणं पुढं येतं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, कारण तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी वायव्येकडची लिपी. दोन्ही बाजू पॅनेलवर दिल्यात. आठवीच्या पोरांना हे झेपतं, त्यांना अर्धवट सांगायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मी बदलून घेतली. ड्राफ्टमधे मथळा होता की तेरची कला रोममधे पोचली. मी म्हटलं असं नको. रोमनी घेतलं म्हणून ती मोठी होत नाही. ज्या कारागिरानं दाताच्या एवढ्याशा तुकड्यात पैंजणापासून केसांच्या वळणापर्यंत सगळं बसवलं त्याचा हात आधीपासूनच मोठा होता. मथळा आता नुसता ‘हस्तिदंताचं काम’.

२७ जुलै

आजचा दिवस सगळा मातीच्या मूर्तींचा. मला विचाराल तर तेरच्या संग्रहालयाचा खरा जीव इथं आहे, हस्तिदंती मूर्तीत नाही.

सातवाहन काळातल्या या छोट्या मूर्ती, काही साध्या लाल मातीच्या आणि काही केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या, गुळगुळीत, बारीक पोताच्या मातीच्या. काचेजवळ वाकून एकीकडं बराच वेळ बघत बसलो. डोक्यावर केसांची जड वेणी गोल फिरवून बांधलेली, कानात गोल कुंडलं इतकी मोठी की खांद्याला टेकलीत, गाल भरलेले, ओठांच्या कडेला किंचित हसू. मग बाजूनं बघितलं. कानामागून खाली मानेपर्यंत एक बारीक रेघ जाते. ती सांध्याची. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात दाबायची, मग दोन्ही ओल्या असतानाच करंजीची कड दाबतात तशा कडा जोडायच्या. आतून मूर्ती पोकळ राहते, म्हणून भाजताना तडकत नाही नि वजनालाही हलकी. भोक ठेवलेलं असतं, आतली वाफ जायला आणि कदाचित टांगायलाही. त्या रेघेवर एका ठिकाणी माती किंचित चपटी झालीय, बोटानं फिरवून साफ केल्यासारखी.

साचा आला म्हणजे एकच मूर्ती नाही, तशा पुष्कळ. म्हणजे ही राजवाड्यातली चैन नव्हे, बाजारात मांडून विकायचा माल. घराघरात असणार, कोनाड्यात, पोरांच्या हातात. दिव्यांचंही तसंच, आणि रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला मिळतात त्यांचंही, त्या बहुतेक गळ्यात घालायच्या. बाहेरची फॅशन आली की तिची स्वस्तातली आवृत्ती निघायची, हे तेव्हाही होतं.

फोटोला परवानगी रीतसर अर्ज करून घेतलीय. फ्लॅश नाही.

२ ऑगस्ट

उत्खननांचं पॅनेल. १९५८ मधे पुरातत्त्वाचे अभ्यासक चापेकर यांनी तेरला खणलं, अहवाल १९६९ ला पुण्यातून आला. नंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागानंही खणलं, विटांचा स्तूप निघाला, कापड रंगवायचे असावेत असे हौदही सांगितले जातात (असतील तर आमच्या पहिल्या पॅनेलला त्याहून चांगला पुरावा नाही).

इथं एक मुद्दा नीट मांडायचाय. टेकडीवर वेचलेली वस्तू आणि थरातून काढलेली वस्तू, दोन्ही दिसायला सारख्याच पण दुसरी जास्त बोलते. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवाचा छोटा कांस्य पुतळा मिळाला, तो आज टाउन हॉल म्युझियममधे आहे, आणि तो कुठल्या भांड्यांबरोबर मिळाला हे माहीत असल्यामुळं त्याची पूर्ण गोष्ट सांगता येते. वेचलेल्या मण्याचा काळ दुसऱ्या मण्याशी ताडून ठरवावा लागतो. म्हणून लामतुऱ्यांचा संग्रह आणि चापेकरांचं उत्खनन एकमेकांशेजारी लावायचे. एकाशिवाय दुसरं अपुरं. संग्रहानं दाखवलं की इथं काय काय आहे, उत्खननानं दाखवलं की कशाच्या आधी काय.

१० ऑगस्ट

गोरोबाकाका पॅनेलवर घ्यायचे का? एका सरांचं म्हणणं, संग्रहालय सातवाहनांचं आणि काका यादवकाळाच्या शेवटचे, हजार वर्षांचं अंतर, कशाला मिसळायचं. मी म्हणतो घ्यायचेच. तेरच्या प्रत्येक थरात कुंभार आहे. आणि संत मंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणाचं मडकं पक्कं नि कोणाचं कच्चं हे सांगणारी गोष्ट सुचायला परंपरेतसुद्धा कुंभाराचंच गाव लागतं. ज्या पोराला ही गोष्ट आजीनं सांगितलीय त्याला खापराच्या कपाटासमोर उभं करणं सोपं जातं. भाजलेल्या खापराचा आवाज खणखणीत, कच्च्याचा बद्द, हे उत्खननात खापरं वेगळी करणारेही तपासतात. छोटं पॅनेल केलंय, समाधीमंदिराच्या फोटोसकट.

१७ ऑगस्ट

तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची लाकडी चौकट. पुरातन लाकूड आपल्या हवेत टिकत नाही, वाळवी आणि पाऊस काही ठेवत नाहीत, त्यामुळं मध्ययुगीन कोरीव लाकूड महाराष्ट्रात फार दुर्मीळ. दगडी देवळांच्या दारशाखा सगळ्यांनी बघितल्यात, त्या मुळात लाकडातून आल्या हे इथं डोळ्यांनी कळतं. या पॅनेलला मजकूर कमी ठेवलाय, मोठा फोटो पुरे.

२४ ऑगस्ट

प्रिंट आले. रंग थोडा गडद आलाय, बाकी झकास. पहिली शाळा ठरलीय, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

शेवटचं पॅनेल सूचनांचं, ते शेतकऱ्यांशी बोलूनच लिहिलं, कारण टेकडीच्या कडेला नांगर त्यांचाच चालतो. बहुतेकांना एकच भीती, वस्तू दाखवली की जमीन जाईल. त्यामुळं लपवतात, नाहीतर दलालाला देतात. म्हणून भाषा धमकीची नको, पण कायदा स्पष्ट हवा, असं ठरलं. अंतिम मजकूर इथं चिकटवतोय :

शेतात किंवा टेकडीवर जुनी वस्तू दिसली तर लगेच उचलू नका. आहे तिथंच मोबाइलवर दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक आजूबाजूचं झाड, बांध दिसेल असा. पाण्यानं धुऊ नका, घासू नका, नाण्याला चिंच-लिंबू लावू नका, वरचा थर निघाला की अक्षरं जातात. गट नंबर लिहून ठेवा आणि संग्रहालयात कळवा. पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. पांढरीची माती न्यायची असेल तर नेण्याआधी एकदा विचारा.

‘विचारा’च्या खाली फोन नंबरची जागा रिकामी सोडलीय, संग्रहालयातून कुठला द्यायचा ते लेखी आलं की स्टिकर लावायचा.